विहारातल्या वाचनालयात किशोरांची लेखनस्पर्धा : का आणि कशी?

जयंती जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. वक्तृत्व, निबंध, चित्रकला, रांगोळी, सामान्यज्ञान. फलक लागतो, नावे नोंदवली जातात, मान्यवरांच्या हस्ते बक्षिसे दिली जातात. यातून मुले धीट होतात, चार माणसांसमोर उभे राहायला शिकतात. हा फायदा आम्ही नाकारत नाही.

पण या स्पर्धांमधले निबंध एकत्र ठेवून वाचले की एक गोष्ट लक्षात येते. विषय कोणताही असो, बहुतेक निबंध महू येथील जन्मापासून सुरू होतात आणि 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या घोषणेवर संपतात. मधला मजकूर कधी मार्गदर्शक पुस्तकातला, कधी यूट्यूबवरच्या भाषणातला, तर आता मोबाइलवर चॅटजीपीटीने लिहून दिलेला असतो. लिहिणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे स्वतःचे वाक्य त्यात शोधावे लागते.

यात मुलांचा दोष नाही. आपण जे विचारले त्याचेच उत्तर त्यांनी दिले. तेरा ते अठरा वर्षांचे मूल किती काय पाहत असते! वर्गात आडनाव विचारल्यावर बदललेला आवाज, कामावरून उशिरा परतणारी आई, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मारलेल्या खेपा, मैत्रिणीचे अचानक ठरलेले लग्न, पावसाळ्यात गळणारे पत्रे, गल्लीतले क्रिकेट, १३ एप्रिलच्या मध्यरात्री वस्तीवर फुटणारे फटाके. हे सगळे त्यांच्या डोळ्यांसमोर घडते, पण 'तू काय पाहिलेस ते लिही' असे त्यांना कोणी म्हणत नाही. म्हणून विहारातल्या किंवा वस्तीतल्या वाचनालयाने किशोरांसाठी सर्जनशील लेखनाची स्पर्धा घ्यावी, असे आम्ही सुचवतो. ती कशी घ्यावी, हे या लेखात सविस्तर मांडत आहोत.

पहिली लेखिका किशोरवयीनच होती

मुक्ता साळवे हे नाव आता बऱ्याच कार्यकर्त्यांना माहीत आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी ही मांग समाजातील मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' नियतकालिकात छापून आला. तेव्हा ती साधारण आज आठवी-नववीत असणाऱ्या मुलीच्या वयाची होती.

हा निबंध नुसता अभिमानाने मिरवण्यापेक्षा मुलांसोबत बसून वाचायला हवा, कारण चांगले लिखाण कसे असते याचा तो धडाच आहे. मुक्ता केवळ 'आमच्यावर अन्याय होतो' म्हणून थांबत नाही. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसते, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, हे ती वाचणाऱ्याला स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहायला लावते. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही, मग आमचा धर्म कोणता, असा थेट सवाल ती करते. आधी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आणि मग त्यातून उभा राहिलेला प्रश्न. एवढ्या बळावर एका शाळकरी मुलीचे लिखाण पावणेदोनशे वर्षे टिकले.

तिच्याबद्दल आणखी एक आठवण सांगितली जाते. बक्षीस म्हणून खाऊ मिळाला तेव्हा आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या, अशी मागणी तिने केली. लेखन, बक्षीस आणि ग्रंथालय या तिन्ही गोष्टी या छोट्याशा आठवणीत एकत्र आल्या आहेत. आपली स्पर्धाही याच तीन पायांवर उभी राहिली पाहिजे.

स्पर्धा वाचनालयातच का?

निबंध स्पर्धा शाळेतही होते, मंडळातही होते. मग वाचनालय कशाला? कारण जो वाचत नाही त्याच्याकडे लिहिण्यासाठी उसने शब्द सोडून दुसरे काही नसते. स्पर्धेचा फलक लावून आठ दिवसांत निबंध मागवले, तर मुले मोबाइलवरूनच उतरवणार. त्याऐवजी आधी तीन महिने वाचन आणि मग लेखन असा क्रम ठेवला, तर स्पर्धा वाचनालयाचाच एक उपक्रम होते आणि वाचनालय जिवंत होते.

आपल्या अनेक विहारांत पुस्तकांचे कपाट असते, पण त्याला कुलूप असते आणि किल्ली पदाधिकाऱ्याच्या घरी. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे जाडजूड खंड त्यात दिसतात. ते असायलाच हवेत. पण चौदा वर्षांच्या मुलाने सुरुवात तिथून करावी, अशी अपेक्षा करणे योग्य नाही. त्याच्या वयाला रुचतील अशा कथा, आत्मकथने, विज्ञानकथा आणि किशोर मासिके त्या कपाटात आली पाहिजेत. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. नवी पुस्तके घ्यायला पैसे नसतील तर निदान एवढ्यावर तरी सुरुवात होऊ शकते.

वेळापत्रक : आषाढ पौर्णिमा ते ३१ जानेवारी

यासाठी वेगळा मुहूर्त शोधण्याची गरज नाही. वर्षावासाचे तीन महिने आपल्याकडे ग्रंथवाचनाचेच असतात. अनेक विहारांत रोज सायंकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. मोठी माणसे ग्रंथ ऐकत असतात, त्याच काळात आठवड्यातून एक दिवस किशोरांचा वाचनवर्ग घ्यावा.

आषाढ पौर्णिमेला नावनोंदणी करावी. प्रत्येकाला एक वही द्यावी. दर रविवारी दोन तास पुरेत : पहिला तास मोठ्याने वाचन आणि गप्पा, दुसरा तास वहीत लेखन. या वहीतले लिखाण तपासायचे नाही आणि त्याला गुणही द्यायचे नाहीत. ती सरावाची जागा आहे.

आश्विन पौर्णिमेच्या आसपास प्रत्यक्ष स्पर्धा घ्यावी. तोपर्यंत सहामाही परीक्षा जवळ आलेली असेल किंवा होऊन गेलेली असेल, म्हणून तारीख शाळेचे वेळापत्रक पाहून ठरवावी. निकाल ७ नोव्हेंबरला जाहीर करावा. १९०० साली याच तारखेला बाबासाहेबांचा साताऱ्यातील शाळेत प्रवेश झाला आणि महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शेवटी ३१ जानेवारीला, म्हणजे १९२० साली 'मूकनायक' सुरू झाला त्या तारखेला, निवडक लेखनाचे हस्तलिखित काढावे.

विषय कसे द्यावेत?

विषय मोठा दिला की मूल भाषण लिहिते. विषय लहान आणि डोळ्यांसमोरचा दिला की ते गोष्ट लिहिते. 'स्वच्छतेचे महत्त्व' असा विषय दिला तर सगळ्यांचे निबंध सारखेच येतील. 'आमच्या गल्लीतला नळ' असा दिला तर प्रत्येकाचा नळ वेगळा निघेल. काही विषय आम्ही सुचवतो : आजीचे हात. वर्गातला शेवटचा बाक. बाबा घरी आले तेव्हा. मी न बोललेले वाक्य. एसटीतला प्रवास. आमच्या घरातला फोटो. शंभर वर्षांनंतरची आमची वस्ती.

यात एक सावधगिरी हवी. आपल्या मुलांनी दुःखच लिहावे, अत्याचारच मांडावा, असा दबाव त्यांच्यावर नको. एखाद्याला मंगळावर जाणाऱ्या यानाची गोष्ट लिहायची असेल, कोणाला मांजरावर कविता करायची असेल, तर तेही तितकेच मोलाचे आहे. बामणाच्या पोराने काहीही कल्पना करावी आणि आपल्या पोराने फक्त वेदना सांगावी, ही वाटणी आपणच का करायची? म्हणून कथा, कविता, आठवण, पत्र, नाट्यछटा असे सगळे प्रकार खुले ठेवावेत आणि 'विषय तुमच्या मनाचा' असाही एक पर्याय द्यावा.

भाषा : बोली चालेल, नव्हे हवीच

शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत, हा नियम फलकावरच लिहावा. वऱ्हाडी, मराठवाडी, मालवणी, अहिराणी, झाडीबोली, मुंबईच्या चाळीतली मराठी, मूल घरी जे बोलते ते लेखनात आले तर आनंदच मानावा. शांताबाई कांबळे यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे नाव 'माज्या जल्माची चित्तरकथा' असे आहे. कोणी लाल पेन घेऊन 'माझ्या जन्माची' अशी दुरुस्ती केली असती तर त्या नावातला जीवच गेला असता.

प्रमाण मराठीची गरज नाही, असे याचा अर्थ नाही. अर्ज, परीक्षा, नोकरी यांसाठी ती यायलाच हवी. पण ती शिकवण्याची जागा वेगळी. पहिल्यांदा मनातले लिहिणाऱ्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घावरून टोकले तर ते पुन्हा लिहीत नाही.

नक्कल कशी टाळावी?

'नक्कल केल्यास बाद' असे छापून नक्कल थांबत नाही. स्पर्धा वाचनालयात बसून, हाताने लिहून घ्यावी. मोबाइल दाराशी टोपलीत ठेवावेत. दोन बैठका ठेवाव्यात. पहिल्या रविवारी कच्चा मसुदा, पुढच्या रविवारी तोच मसुदा वाचून नव्याने लिहिणे. मधल्या आठवड्यात मसुदे वाचनालयातच राहतील. यात दुहेरी फायदा आहे : नकलेला वाव उरत नाही आणि लेखन पुन्हा पुन्हा सुधारावे लागते, हे मुलांना कळते. ज्याला हाताने लिहिणे शारीरिकदृष्ट्या अवघड आहे, त्याला लेखनिक द्यावा.

मुली येतील अशी व्यवस्था

बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिले ते घरातल्यांपासून लपवून. कित्येक वर्षे ते कागद त्यांनी कोणाच्या हाती लागू दिले नाहीत. पुढे ते पुस्तक मराठीतल्या महत्त्वाच्या आत्मकथनांत गणले गेले. आजही अनेक मुलींच्या वह्या घरात भाऊ उघडतो, आई वाचते, मग प्रश्न विचारले जातात. म्हणून वाचनालयात एक कुलूपबंद कप्पा असावा आणि ज्यांना हवे त्यांच्या वह्या तिथेच राहाव्यात. किल्ली एका जबाबदार ताईकडे असावी.

वर्गाची वेळ अंधार पडण्याआधीची ठेवावी. दोन तास एक तरी महिला कार्यकर्ती हजर असावी. विहारात स्वच्छतागृह नसेल तर आधी त्याची सोय पाहावी. मुली का येत नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा इतके साधे असते.

परीक्षण

तेरा ते पंधरा आणि सोळा ते अठरा असे दोन गट करावेत. उत्तरपत्रिकेवर नाव नको, फक्त क्रमांक. कोणाचा मुलगा, कोणत्या मंडळाचा, हे परीक्षकाला कळता कामा नये. गावातल्या गटबाजीने अनेक चांगले उपक्रम बुडाले आहेत. तीन परीक्षक असावेत, त्यांत निदान एक महिला आणि एक वस्तीबाहेरची व्यक्ती. आयोजकांची मुले भाग घेतील, पण त्यांच्या गटाचे परीक्षण आयोजकांनी करू नये.

गुणांची विभागणी आधीच जाहीर करावी. पन्नासपैकी वीस गुण स्वतःच्या निरीक्षणाला, दहा मांडणीला, दहा भाषेच्या जिवंतपणाला आणि दहा पहिल्या मसुद्यापेक्षा केलेल्या सुधारणेला, अशी विभागणी आम्ही सुचवतो. मात्र गुणांपेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक स्पर्धकाला मिळणारा चार ओळींचा अभिप्राय. 'तुझ्या लेखातली भांडी घासण्याची जागा डोळ्यांसमोर उभी राहिली, शेवटचा उपदेश काढलास तर लेख अधिक चांगला होईल' एवढे वाचले तरी बक्षीस न मिळालेले मूल पुढच्या वर्षी परत येते.

बक्षीस कोणते?

बाबासाहेब शाळकरी वयात परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा वस्तीतल्या लोकांनी त्यांचा सत्कार केला. त्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या वाचनाचा आपल्या मनावर खोल परिणाम झाला, असे बाबासाहेबांनी पुढे नमूद केले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले त्याच्या मुळाशी असलेल्या अनेक गोष्टींपैकी एक म्हणजे एका मुलाला बक्षीस मिळालेले पुस्तक.

म्हणून बक्षीस पुस्तकांचेच असावे. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे असंख्य स्टॉल लागतात. तिथे जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी बक्षिसांची पुस्तके आणावीत. एकाच पुस्तकाच्या पंचवीस प्रती नकोत. वर्गात कोणाला काय आवडले हे पाहून प्रत्येकासाठी वेगळे पुस्तक निवडावे. ट्रॉफी शोकेसमध्ये बसते, पुस्तक हातोहात फिरते.

खर्चाचे म्हणाल, तर वह्या, पेन, चहा-बिस्किटे आणि पुस्तके, बस. जयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेवर होणाऱ्या खर्चाचा लहानसा हिस्सा बाजूला काढला तरी वर्षभराचा उपक्रम उभा राहतो.

मूल गंभीर काही लिहील तेव्हा

मुलांना मोकळेपणाने लिहायला सांगितले की ती खरे लिहितात. दारू पिऊन होणारी मारहाण, शाळेतला जातीवरून अपमान, कोणीतरी केलेला लैंगिक छळ, जीव देण्याचे विचार, असे काहीही कागदावर येऊ शकते. याची तयारी नसेल तर स्पर्धा घेऊ नये, इतके हे महत्त्वाचे आहे.

असा कागद परीक्षकांत फिरवायचा नाही, त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचा नाही, तो मंचावर वाचायचा तर नाहीच. आधीच नेमलेल्या एका ताईने किंवा दादाने त्या मुलाशी एकांतात पण सुरक्षित जागी, शांतपणे बोलावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, तिचा क्रमांक वाचनालयाच्या भिंतीवर लावावा. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला माहिती देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे. 'समाजाची बदनामी होईल' म्हणून असे प्रकरण आपसात मिटवणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्या मुलाशी केलेली प्रतारणा आहे.

छापण्याबाबतही तोच विवेक हवा. लेखाचा हक्क लिहिणाऱ्याचाच असतो. हस्तलिखितात किंवा इतरत्र तो द्यायचा तर मुलाची आणि पालकांची लेखी संमती घ्यावी. टोपणनाव वापरण्याची मुभा द्यावी. घरातल्या किंवा शेजारच्या माणसांची खरी नावे बदलावीत.

'याने नोकरी लागणार का?'

हा प्रश्न पालक विचारणारच आणि तो चुकीचा नाही. पोटाला चिमटा घेऊन शिकवणाऱ्या आई-बापाला मुलाच्या भविष्याची काळजी असते. त्यांना सांगावे की स्वतःचे म्हणणे क्रमाने आणि नेमके लिहिता येणे हे कोणत्याही अभ्यासाचे मूळ आहे. दीर्घोत्तरी परीक्षेत, मुलाखतीत, तक्रार अर्जात, माहिती अधिकाराच्या अर्जात तेच कामाला येते. अन्याय झाला तेव्हा काय घडले, केव्हा, कुठे, कोणासमोर, हे ज्याला सुसंगत लिहिता येते त्याची फिर्याद सहज उडवून लावता येत नाही.

कार्यकर्त्यांनी मात्र एवढ्यावर थांबू नये. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ साली. त्या पिढीने आपले जगणे स्वतः लिहिले, म्हणून ते आज आपल्याला माहीत आहे. आजच्या वस्तीतले जगणे वेगळे आहे. त्यात कंत्राटी नोकरी आहे, इंग्रजी शाळेची फी आहे, मोबाइल आहे, भाड्याची खोली नाकारणारा घरमालक आहे. हे कोण लिहिणार? आता जे चौदा-पंधरा वर्षांचे आहेत त्यांनाच ते लिहायचे आहे.

येत्या आषाढ पौर्णिमेपर्यंत प्रत्येक विहारातल्या तरुणांनी तीन कामे करावीत : कपाटाची किल्ली मिळवावी, त्यात किशोरांना वाचता येतील अशी निदान तीस पुस्तके ठेवावीत आणि रविवारचे दोन तास देणाऱ्या दोन व्यक्ती ठरवाव्यात. पहिल्या वर्षी सातच मुले आली तरी हरकत नाही. सात जणांचे लिखाण मन लावून वाचणे हेही मोठे काम आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!